रोटर का जातो? इंडक्शन मोटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्ल्यात माझं मोटर दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. दारात टेम्पो थांबला की मोटर उतरवणारा माणूस एकच वाक्य बोलतो, "कॉइल जळलीय, भरून द्या." रोटरबद्दल, म्हणजे मोटरच्या आत फिरणाऱ्या भागाबद्दल, कोणी विचारत नाही. तो बाजूला, लाकडी ठोकळ्यावर पडून असतो. कॉइल भरून झाली की पुसून परत आत जातो, आणि बऱ्याचदा तीच मोटर चार महिन्यांनी परत येते. गेल्या काही वर्षांत सोसायट्यांचे सेक्रेटरी, साकीनाक्याचे पॉवर प्रेसवाले (पत्रा ठोकून घडवणारे), मेंटेनन्सची पोरं यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

रोटरमध्ये ना कॉइल, ना कनेक्शन. मग त्यात बिघडण्यासारखं असतं तरी काय?

दिसायला खरंच काही नसतं. सिलिकॉन स्टीलच्या पातळ कापलेल्या पत्र्यांची (स्टॅम्पिंगची) गड्डी, तिच्या खाचांमध्ये अॅल्युमिनियमचे किंवा तांब्याचे बार, दोन्ही टोकांना ते बार जोडणाऱ्या एंड रिंग आणि मधून शाफ्ट. बार आणि रिंग मिळून होतो तो पिंजरा. लहान-मध्यम मोटरीत अॅल्युमिनियम वितळवून थेट खाचांमध्ये ओततात, त्यामुळे बार, रिंग आणि पंख्याची पाती एकाच ओतकामात तयार होतात. मोठ्या मोटरीत तांब्याचे बार खाचेत ठोकून रिंगला ब्रेझिंगने, म्हणजे धातूची कांडी वितळवून, जोडतात. १८८९ साली दोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या इंजिनिअरने थ्री फेजचा पिंजरा-रोटर बनवला. त्यात आणि आज तुमच्या पंपाखाली फिरणाऱ्या रोटरमध्ये तत्त्वाचा काहीच फरक नाही.

पण या साध्या पिंजऱ्यातून शेकडो अँपिअर वाहतात, आणि तेही एक-दोन व्होल्टच्या जोरावर. एवढ्या कमी व्होल्टेजला जोडातली केसाएवढी भेगसुद्धा भारी पडते. ओतकामात हवेचा बुडबुडा राहिला, ब्रेझिंग अर्धवट झालं, बार खाचेत ढिला बसला, की तिथे उष्णता साचायला लागते. शिवाय तांबं आणि अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त पसरतात. अर्ध्या मीटरचा तांब्याचा बार १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.८५ मिलिमीटर वाढतो. सुरू होताना बार आधी तापतो, भोवतीचं लोखंड मागाहून. तेवढा वेळ बार रिंगला ढकलतो, रिंग बाहेरच्या बाजूला फुगते आणि सगळा ताण जोडावर येतो. प्रत्येक स्टार्टला हे होतं. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसंच.

एकूण मोटर बिघाडांत रोटरचा वाटा किती?

साधारण दहात एक. बेअरिंग सगळ्यात पुढे, त्यानंतर स्टेटरची, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाची, कॉइल. पण हा हिशेब कशाने मोटर बंद पडली याचा आहे. रोटरमुळे जळलेली कॉइल कॉइलच्याच खात्यात जमा होते, म्हणून माझ्या मते रोटरचा दोष यापेक्षा जास्त असावा.

आमच्या सोसायटीच्या पंपाची मोटर वर्षात तीनदा जळली, तिन्ही वेळा रिवाइंडिंग केलं. वाइंडर वाईट आहे का?

असेलही. पण आधी परळच्या एका सोसायटीची गोष्ट ऐका.

सात मजली इमारत, तळाला जमिनीखालची टाकी, गच्चीवर दुसरी टाकी, मधे १० एचपीचा पंप. मोटर दोन वर्कशॉपमधून फिरून माझ्याकडे आली. कॉइल तिन्ही फेजमध्ये सारखी काळी पडलेली, म्हणजे एक फेज गेलेला नव्हता. मोटर ओढूनताणून चालली आणि तापून गेली, एवढं नक्की. रोटर ग्राउलरवर (बार तपासायच्या विद्युतचुंबकावर) ठेवला तर शेजारशेजारचे तीन बार मेलेले.

बार का मेले हे बघायला मी पंपरूममध्ये एक दुपार काढली. फ्लोट स्विच गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतं त्या धारेच्याच खाली लोंबत होता. टाकी भरत आली की लाटेवर तो वर-खाली व्हायचा आणि खाली कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) टाक-टाक वाजायचा. दहा मिनिटांत मी अकरा स्टार्ट मोजले. वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकलेला. पंप बंद झाला की उभ्या पाइपातलं पाणी खाली यायचं आणि पंप उलटा फिरायचा. तो उलटा फिरत असतानाच फ्लोट पुन्हा सुरू करायचा. करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले कोणीतरी कंटाळून वरच्या टोकाला फिरवून ठेवला होता.

पंपाचं जडत्व कमी असतं, त्यामुळे एका स्टार्टने काही बिघडत नाही. पण सारखे स्टार्ट, त्यातले निम्मे उलट्या फिरणाऱ्या पंपावर, आणि ओतकामात मुळातच कच्चे राहिलेले दोन-तीन बार. असे बार आधी तुटतात. बार तुटले की टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी होतो, मोटर वेग घ्यायला जास्त वेळ लावते, तेवढा वेळ कॉइल सहापट करंट सोसते. शेवटी जळते ती कॉइल. फ्लोट पाइपच्या आडोशात सरकवला, व्हॉल्व्ह बदलला, रोटर बदलला, रिले मोटरच्या नेमप्लेटवरच्या करंटला आणून ठेवला. बिचाऱ्या आधीच्या वाइंडरचं काम चांगलंच होतं.

सुरू होताना रोटरवर नेमकं काय गुदरतं?

स्टेटरची कॉइल एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करते, आणि चालू मोटरीत रोटर त्याच्या जवळपास वेगानेच फिरत असतो. चार पोलच्या मोटरीचं क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं, रोटर १४४०. फरक ४ टक्के, त्यालाच स्लिप म्हणतात. त्यामुळे रोटरमधला करंट सेकंदाला फक्त २ वेळा दिशा बदलून पूर्ण फेरी करतो, म्हणजे २ हर्ट्झ. मोटर उभी असताना मात्र स्लिप १०० टक्के आणि रोटरमधली फ्रिक्वेन्सी पूर्ण ५० हर्ट्झ. एवढ्या फ्रिक्वेन्सीला करंट बारच्या वरच्या कडेला गोळा होतो. वरची कड तापते, खालची थंड राहते, बार धनुष्यासारखा वाकू बघतो. त्यात करंटच्या वर्गाच्या प्रमाणात चुंबकीय धक्के बसतात, सेकंदाला १००. खाचेत ढिला असलेला बार थरथरतो आणि रिंगच्या जोडाशी थकतो.

आता उष्णतेचा हिशेब. यात एक सुंदर गोष्ट आहे. लोड नसताना मोटर शून्यापासून पूर्ण वेगाला जाते तेव्हा फिरणाऱ्या वस्तुमानात जेवढी गतिज ऊर्जा साठते, जवळपास तेवढीच ऊर्जा रोटरमध्ये उष्णता होऊन जाते. समजा शाफ्टवरचं एकूण जडत्व १० किलोग्रॅम मीटर वर्ग आहे. १४४० फेऱ्यांना त्याची ऊर्जा सुमारे ११४ किलोज्यूल. रोटरमध्ये अडीच किलो अॅल्युमिनियम असेल आणि सगळी उष्णता त्यातच राहिली, तर एका स्टार्टला पिंजरा सुमारे ५० अंशांनी तापतो. लागोपाठ तीन स्टार्ट केले तर दीडशे. मोटर फिरत असताना दोन फेज अदलाबदल करून उलटी फिरवली, तर हीच उष्णता चौपट होते. उलट्या दिशेने अर्ध्या वेगाने फिरणाऱ्या पंपाला सुरू केलं तर सव्वादोन पट.

मग स्टार-डेल्टा (सुरुवातीला कमी व्होल्टेज देणारा स्टार्टर) लावला की रोटर वाचेल ना?

लाइन वाचेल, कॉन्टॅक्टर वाचेल, दिवे मिणमिणायचे थांबतील. रोटर वाचणार नाही. वर सांगितलेली उष्णता व्होल्टेजवर अवलंबून नाही. व्होल्टेज कमी केलं तर तीच उष्णता जास्त वेळात निघते. आणि लोड असेल तर उलट जास्त निघते, कारण मोटर जास्त स्लिपवर जास्त वेळ रेंगाळते. सॉफ्ट स्टार्टरचंही तसंच, धक्के कमी होतात एवढा त्याचा फायदा. खरा फरक पडतो तो व्हीएफडीने (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह), कारण तो फ्रिक्वेन्सीच हळूहळू वाढवतो आणि स्लिप कधी मोठी होऊच देत नाही.

मोटर तासाला किती वेळा चालू-बंद केली तर चालते?

प्रमाणित मोटरीसाठी जुना नियम असा: थंड असताना लागोपाठ दोन स्टार्ट, गरम असताना एक. त्यानंतर तिला थंड होऊ द्यायचं. तासाचा आकडा मोटरीच्या आकारावर आणि लोडच्या जडत्वावर ठरतो, तो बनवणाऱ्याच्या डेटाशीटवर बघा. लहान मोटर जास्त सोसते, मोठी कमी.

रोटर एवढा तापला तर ओव्हरलोड रिले पडला का नाही?

कारण रिले स्टेटरचा करंट बघतो. कॉइलमधला थर्मिस्टरही कॉइलचंच तापमान सांगतो. फिरत्या रोटरच्या अंगाला हात लावणारं साध्या मोटरीत कोणीच नसतं. स्टार्टच्या पाच-सात सेकंदांत पिंजरा भडकतो, पण ती उष्णता रोटर आणि स्टेटरमधला हवेचा गॅप ओलांडून कॉइलपर्यंत पोचायला वेळ लागतो. मोठ्या मोटरीच्या डेटाशीटवर अडकलेल्या अवस्थेत किती सेकंद सोसेल तेही लिहिलेलं असतं, थंड आणि गरम अशा दोन आकड्यांत. रिले त्याच्या आत पडायला हवा. हे आकडे रिलेच्या सेटिंगशी जुळवून बघणारा माणूस मला वर्षातून एखादाच भेटतो.

एक बार तुटला तर चाळिसातला एकच ना? चालेल की.

काही महिने चालेलही. पण तुटलेल्या बारचा करंट नाहीसा होत नाही, तो शेजारच्या दोघांवर येतो. ते जास्त तापतात, जास्त ताणले जातात, मग त्यांची पाळी. म्हणून मेलेले बार बहुधा शेजारशेजारचेच सापडतात. काही करंट स्टॅम्पिंगमधून आडवा वाट काढतो आणि खाचेच्या भिंती जाळतो. तांब्याच्या रोटरमध्ये तर तुटलेलं टोक फिरण्याच्या जोराने बाहेर उचकटतं आणि स्टेटरची कॉइल फाडतं. तोपर्यंत थांबलात तर रोटर आणि कॉइल दोन्हींचा खर्च.

मोटर न उघडता ओळखता येईल का?

येईल, पण लोड हवा. रिकाम्या मोटरीत रोटर करंट जवळपास नसतोच, तेव्हा तुटका बारही साळसूद दिसतो.

काट्याचा जुना अँमीटर असेल तर नशीबवान आहात. बार तुटला की करंट स्लिप फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट गतीने कमी-जास्त होतो. मोठ्या मोटरीत स्लिप दीड टक्का असेल तर काटा सेकंदाला दीड वेळा डोलतो, डोळ्यांना सहज दिसतं. १४४० वाल्या लहान मोटरीत ते सेकंदाला ४ होतं, तिथे काटा फक्त थरथरतो. डिजिटल टाँग टेस्टर हे बहुतेक वेळा लपवतो. कानांनाही कळतं, आवाज सलग न येता लाटांनी येतो. मात्र पिस्टनचा कॉम्प्रेसर किंवा सैल पट्टाही काट्याला असाच डोलवतो, म्हणून एवढ्यावर रोटरला फाशी देऊ नका.

टॅकोमीटर लावा. नेमप्लेटवर १४४० आहे, करंट नेमप्लेटएवढाच आहे, व्होल्टेज बरोबर आहे, आणि वेग १४१० भरतो? स्लिप ४ वरून ६ टक्क्यांवर गेली. गॅप ओलांडून रोटरला मिळणाऱ्या शक्तीतली स्लिपएवढी टक्केवारी रोटर तापवण्यात जाते, म्हणजे पिंजऱ्यात आता दीडपट उष्णता होतेय.

तिसरा मार्ग करंटचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीचा करंट किती ते दाखवणारा आलेख. ४ टक्के स्लिपला ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, ४६ आणि ५४ वर, छोटी शिखरं दिसतात. मुख्य शिखराच्या तुलनेत ती ५० डेसिबलपेक्षा बरीच खाली असतील तर निवांत राहा. फरक ४५ च्या आत आला की मोटर उघडण्याची तारीख ठरवा. आकड्यापेक्षा दर तीन महिन्यांनी तीच मोटर, त्याच लोडवर मोजली तर काय बदललं ते जास्त बोलतं.

आणि कंपन असेल तर एक फुकटची चाचणी: मोटर चालू असताना सप्लाय तोडा. कंपन त्याच क्षणी गायब झालं तर दोष विजेचा, म्हणजे बार, गॅप, सप्लाय. वेग उतरेल तसं हळूहळू गेलं तर बॅलन्सिंग, कपलिंग, पाया. थंड मोटर छान चालते आणि तासाभराने, लोड तेवढाच असताना, थरथरायला लागते? मग रोटर एका बाजूने जास्त तापून वाकतोय.

आणि उघडल्यावर?

ग्राउलर सगळ्यांना माहीत आहे. रोटर त्यावर ठेवायचा, फिरवायचा, वर हॅकसॉचं पातं धरायचं. चांगल्या बारवर पातं थरथरतं, तुटलेल्यावर गप्प. पण केसाएवढी भेग थंड असताना मिटलेली असते आणि ग्राउलर फसतो. मग दुसरी चाचणी, जी मोटर न खोलताही जमते: डिमरस्टॅटमधून (व्होल्टेज कमी-जास्त करणारं उपकरण) ४०-६० व्होल्ट सिंगल फेज, मोटरच्या कोणत्याही दोन टोकांना द्यायचे आणि शाफ्ट हाताने हळूहळू पूर्ण फिरवत करंट बघायचा. रोटर धड असेल तर करंट जवळपास स्थिर राहतो. ठरावीक जागांवर खाली-वर झाला तर बार गेलेत. कॉइल तापते, तेव्हा एका मिनिटात आटपा.

बाकी डोळे. लोखंडावर निळसर झाक म्हणजे मोटर अडकून उभी राहिली होती किंवा स्टार्ट फार लांबला. गॅपमध्ये अॅल्युमिनियमचे चकाकणारे थेंब सापडले, तर पिंजरा ६६० अंशांपर्यंत जाऊन वितळला. रिंगजवळ काळा ठिपका म्हणजे तिथे ठिणग्या उडत होत्या. रिंगवरची पंख्याची पाती तुटली आहेत का तेही बघा, आतली हवा तीच फिरवतात.

तिन्ही फेजचं व्होल्टेज थोडं वेगवेगळं आहे. त्याने रोटरला काय होतं?

थोडं म्हणजे किती ते मोजा. तीन आकडे आले समजा ४१५, ४०८, ३९८. सरासरी ४०७, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक ९, म्हणजे २.२ टक्के असमतोल. ऐकायला किरकोळ वाटतं. पण करंटमधला असमतोल याच्या सहा ते दहा पट असतो, आणि तापमानवाढ टक्क्यांच्या वर्गाच्या दुपटीने चढते. म्हणजे २.२ ला सुमारे १० टक्के, ३.५ ला २५ टक्के.

रोटरला जास्त झळ लागते, कारण असमतोलामुळे एक लहान क्षेत्र उलट्या दिशेनेही फिरू लागतं. पुढे पळणाऱ्या रोटरला ते जवळपास दुप्पट वेगाने भेटतं आणि त्याच्या बारमध्ये सुमारे ९८ हर्ट्झचा करंट निर्माण करतं. तो सगळा बारच्या कडेला. टॉर्क तर देत नाहीच, उलटा ओढतो. मुंबईत याचं नेहमीचं कारण मे महिना: इमारतीतले निम्मे एसी एकाच फेजवर. दुसरं कारण त्याहून साधं, खड्डे पडलेला कॉन्टॅक्टर आणि ढिला फ्यूज.

एक फेज गेला तर?

चालती मोटर बहुधा चालत राहते, राहिलेल्या दोन फेजमध्ये करंट पावणेदोन पट किंवा जास्त होतो, रोटर वर सांगितला तसाच भाजतो. थांबलेली मोटर सुरूच होत नाही, नुसती गुणगुणते, आणि ते तर सगळ्यात वाईट. सिंगल फेज प्रिव्हेंटर लावा. आणि लावलेला बायपास करून ठेवू नका!

रोटर स्टेटरला घासला. बेअरिंग बदलून भागेल का?

आधी घासल्याच्या खुणा वाचा. रोटरवर चहूबाजूंनी आणि स्टेटरवर एकाच जागी असेल, तर रोटर एका बाजूला कायमचा झुकलाय: बेअरिंग झिजलंय किंवा कव्हरमधलं बेअरिंगचं घर मोठं झालंय. रोटरवर एकाच जागी आणि स्टेटरवर गोलभर असेल, तर शाफ्ट वाकलाय किंवा रोटर शाफ्टवर तिरका बसलाय. दुसऱ्या प्रकारात नवीन बेअरिंग टाकून काहीच साधत नाही.

लहान मोटरीत हा गॅप लग्नपत्रिकेच्या कागदाएवढा असतो. तो एका बाजूला दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला की चुंबक त्याच बाजूला जास्त ओढतो, मग तो आणखी कमी होतो. घासल्याने स्टॅम्पिंगच्या कडा एकमेकींवर लिंपल्या जातात आणि पृष्ठभागावर करंट फिरू लागतो. यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे रोटर लेथवर मारणे. कृपा करून नको. हत्यार त्याच कडा आणखी लिंपतं, गॅप वाढतो, मोटर रिकामीच जास्त करंट घ्यायला लागते आणि पॉवर फॅक्टर पडतो. नाइलाज असेल तर अगदी हलका, धारदार हत्याराने हात, आणि मग बॅलन्सिंग.

पॉवर प्रेसची मोटर मिळाली नाही म्हणून तेवढ्याच एचपीची साधी लावली. सहा महिन्यांत रोटर गेला. का?

साकीनाक्याच्या गाळ्यांमधला हा ठरलेला प्रसंग. प्रेसवर जड फ्लायव्हील असतं. ठोका बसताना त्याने ऊर्जा द्यावी म्हणून वेग थोडा पडू देणारी, जास्त स्लिपची मोटर लागते. तिचा रोटर मुद्दाम जास्त रोधाचा बनवतात आणि तो ही उष्णता सोसतो. साधी मोटर वेग सोडत नाही, प्रत्येक ठोक्याला करंटचा डोंगर चढते. एचपी आणि फेरे जुळले म्हणजे मोटर जुळली असं नसतं. नागदेवीच्या मशिनरी बाजारात जाताना जुनी नेमप्लेट खिशात घेऊन जा, एचपी तोंडी सांगू नका.

पावसाचं पाणी पंपरूममध्ये शिरलं. कॉइल सुकवली, रोटरचं काय?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरचे कित्येक आठवडे मोटर सुकवणाऱ्यांना झोप नव्हती. तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो. खाडीचं किंवा गटाराचं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मीठ राहिलं तर सुकवूनही उपयोग नाही. मग कॉइल भट्टीत, मेगरवर इन्सुलेशन ठीक दिसेपर्यंत. बेअरिंग सरळ फेकायची. रोटरवरचा तांबूस थर बारीक पॉलिश पेपरने हाताने काढायचा आणि पातळ वार्निशचा हात द्यायचा. गंजाने गॅप भरून मोटर जाम झालेली असते. अशा वेळी सुरू करून "सुटते का बघू" करणं म्हणजे अडकलेल्या रोटरला सहापट करंट देणं.

सांडपाण्याच्या पंपरूमची गोष्ट वेगळी. तिथला हायड्रोजन सल्फाइड फॉस्फरसच्या कांडीने केलेलं ब्रेझिंग खातो. तांब्याचा रोटर तिथे जाणार असेल तर जोड चांदीच्या कांडीचा आहे का विचारा. आणि पावसाळ्यापुरती चालणारी मोटर आठ महिने उभी असेल तर मोटर कोरडी ठेवणारा स्पेस हीटर चालू ठेवा, आठवड्याला शाफ्ट हाताने फिरवा.

बेअरिंग बदलताना रोटरला इजा होऊ शकते?

होते, रोज होते. पुलर नाही म्हणून हातोडा, हातोड्याने शाफ्ट वाकतो. बेअरिंग सुटत नाही म्हणून गॅसची फ्लेम. रोटर ओढून काढताना स्टेटरवर आपटतो. आणि पुली बसवताना बॅलन्सिंग अर्ध्या किल्लीवर की पूर्ण किल्लीवर (शाफ्टच्या खाचेतली, पुली धरून ठेवणारी पट्टी) याकडे दुर्लक्ष. मोटर साधारणपणे अर्ध्या किल्लीवर बॅलन्स केलेली असते, पुलीवालाही तेच धरून चालला नाही तर कंपन येणारच.

व्हीएफडी लावल्यापासून बेअरिंग जातात. रोटरशी संबंध आहे का?

आहे. व्हीएफडीच्या जलद स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज साचतं आणि बेअरिंगच्या ग्रीसमधून ठिणगी मारून निघतं. बेअरिंगच्या आतल्या रस्त्यावर धुण्याच्या पाटासारख्या समांतर खाचा दिसल्या तर हेच. मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग, शाफ्टला अर्थिंग ब्रश किंवा रिंग. व्हीएफडीच्या वेड्यावाकड्या लहरींनी (हार्मोनिक) रोटर थोडा जास्त तापतो, आणि फार कमी वेगावर मोटरचा स्वतःचा पंखा कमी पडतो. पण स्टार्टचा मार जवळपास संपतो, म्हणून पिंजऱ्याचं आयुष्य एकूण वाढलेलंच मी पाहिलंय.

लोकलमध्येही हीच मोटर असते का?

आता असते. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि पुढे कित्येक दशकं डीसी मोटरीच होत्या. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांमध्ये थ्री फेज इंडक्शन मोटरी आहेत, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या. दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन, म्हणजे सतत स्टार्ट. डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, चालवल्या असत्या तर माटुंग्यापर्यंतही पोचल्या नसत्या!

स्लिप रिंग मोटरीला हे सगळं लागू आहे?

थोडंच. तिच्या रोटरमध्ये कॉइल असते, म्हणून तिथे ब्रश, कार्बनची धूळ, रिंगवरच्या खाचा आणि बांधणीची पट्टी सुटणं हे विकार. स्टार्टची बरीच उष्णता बाहेरच्या रेझिस्टन्समध्ये जाते, म्हणून जुन्या क्रेनवर ती टिकते.

गेलेला रोटर दुरुस्त होतो का?

अॅल्युमिनियमचा ओतीव असेल तर माझं उत्तर नाही. वेल्डिंगचे प्रयोग खूप पाहिले, भेग खाचेच्या आत असते आणि तिथे कांडी पोचत नाही. त्याच फ्रेमचा रोटर मिळाला तर बघा, नाहीतर नवी मोटर. तांब्याचा मोठा रोटर नव्याने बार घालून उत्तम होतो, पण बार मूळ मिश्रधातूचाच हवा. जास्त शुद्ध तांबं घातलं तर रोध कमी होऊन स्टार्टिंग टॉर्कच उतरतो. बार खाचेत घट्ट बसवलेले हवेत, आणि ब्रेझिंग करताना सगळी रिंग एकसारखी तापवायला हवी. एकेक जोड टॉर्चने केला तर ताण आतच राहतो.

वर्कशॉपला मोटर देताना काय सांगावं?

कशावर चालते, दिवसातून किती वेळा सुरू होते, सुरू व्हायला किती सेकंद लागतात, गेल्या वेळी कधी भरली आणि जळायच्या आधी आवाज कसा होता. रोटर ग्राउलरवर तपासून किती बार मेले तो आकडा बिलावर लिहून मागा, शून्य असला तरी. जुनं बेअरिंगही परत मागा. आणि पंपरूममध्ये जाऊन, घड्याळ लावून, दहा मिनिटांत कॉन्टॅक्टर किती वेळा वाजतो ते आधी मोजून या. मी तोच प्रश्न पहिला विचारतो.